कुठला हिरवा, आत्या?

ओल्या घासाच्या पेंढीवरून विळा फिरला की जो वास उठतो, त्याला तू ‘हिरवा वास’ म्हणायचीस. गोठ्याच्या उंबऱ्यात बसून तू म्हशीसाठी घास बारीक करायचीस आणि सुट्टीला कासारसाईहून माणला आलेली मी तुझ्या पाठीला पाठ टेकवून ऐकत बसायची: विळ्याची खसखस, बांगड्यांची किणकिण, मधूनच म्हशीचा एक लांब उसासा. वासाला रंग असतो हे मी तिथे शिकले. पुढे कविता शिकले, कॉलेजात शिकवली. एका इंद्रियाने दुसऱ्याचे काम करण्याला शास्त्रात काय म्हणतात, तेही फळ्यावर लिहून दिले. पण खडू हातात घेतला की आधी तो वास यायचा. कापलेला, किंचित कडवट, दुधाळ.

तुझा दहावा अजून व्हायचा आहे. दत्ता, तुझा पुतण्या, गावात फलक लावणार आहे. त्यावर तुझे वय, सासर, माहेर, मागे राहिलेली माणसे असे सारे येईल. मला त्यातले काही सांगायचे नाही. आपले एक भांडण अर्धे राहिले आहे, आणि एकटीने भांडण पुरे करता येते का ते पाहायला मी बसले आहे. भांडण एका रंगाचे होते.

तुझ्या तोंडी तो शब्द किती ठिकाणी यायचा. पाडाला न आलेला आंबा हिरवा, अक्कल न आलेला पोरगा हिरवा, पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोरींकडे बघणारा म्हातारा हिरवट. मिरचीला तू मिरची म्हणतच नसायचीस, नुसते ‘हिरवी घाल’. मांडवावर जांभळीचे डहाळे चढले की मांडव हिरवा झाला, आता लग्न मोडता येणार नाही. बारावीनंतर माझ्या वडिलांनी माझ्यासाठी स्थळ पाहिले, तेव्हा तू दुपारच्या उन्हात कासारसाईला चालत आलीस, पाणीही न पिता ओट्यावर बसलीस आणि म्हणालीस, “पीक हिरवं हाय, दादा. आत्ताच कापू नगंस.” मी शिकले ते त्या एका वाक्यावर. तुला मी कधी तसे बोलून दाखवले नाही. माझ्या कविता मात्र वाचून दाखवल्या. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि शेवटी म्हणायचीस की छान हाय, पर ह्यात हिरवी कमी पडली.

माणच्या चहूबाजूंनी इमारती उठू लागल्या आणि त्यांच्या अंगावर ती बांधकामाची हिरवी जाळी चढली, तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालताना तू सगळीकडे एकवार नजर फिरवलीस. म्हणालीस, “समद्यांस्नी हिरवं नेसवलंय. डोहाळं लागल्यात जनू.” मी हसता हसता खाली बसले. तू हसली नव्हतीस. तुला कुणी हिरवे नेसवून झोपाळ्यावर बसवले नव्हते, हे मला फार उशिरा आठवले.

मामा, म्हणजे तुझे यजमान, एका सकाळी चाकणच्या बाजाराला जातो म्हणून निघाले आणि आले नाहीत. मी तेव्हा शाळेत होते. आधी दवाखाने पाहिले, मग पोलीस ठाणी, मग देवस्थाने. पुढे बातम्या येऊ लागल्या: कुणाला ते नाशकात दिसले, कुणाला सुरतेला, शेजारी एक बाई आणि हातात पोर. कुणीही त्यांच्याशी बोलल्याचे मात्र सांगितले नाही. मग बातम्याही थांबल्या. तुझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या राहिल्या. एखादी वाढली की तू दुसरी भरायचीस. ‘फुटली’ हा शब्द तुला चालायचा नाही. बांगडी वाढते, कुंकू वाढते, दिवा वाढतो. आपल्या बायकांनी संपण्यालाच वाढणे म्हणून ठेवले आहे, आणि त्या जुन्या चलाखीचे मला अजूनही नवल वाटते.

अशा हरवलेल्या माणसासाठी आपल्याकडे एक रीत आहे. बारा वर्षे वाट पाहायची. तेरावे लागले की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला त्या माणसाचे नाव द्यायचे, तिरडीवर ठेवायचे आणि रीतसर अग्नी द्यायचा. त्या धुरासोबत बायकोच्या बांगड्या, कुंकू, हिरवे लुगडे असे सारे जाते. बारा वर्षे झाली तेव्हा तुझ्या थोरल्या जाऊबाई, दत्ताची आई, अक्का, पळसाची पाने घेऊनच तुझ्या दारात आल्या. तू पाने घेतलीस, पुसलीस, त्यांच्या पत्रावळी लावल्यास आणि संध्याकाळी साऱ्या घराला त्यावर जेवायला वाढलेस. गावात ही गोष्ट कितीतरी दिवस पुरली.

अक्कांना त्या पत्रावळी पचल्या नाहीत. त्या स्वतः तोवर विधवा झाल्या होत्या. त्यांच्या दोन्ही मनगटांवरचा हिरवा एका सकाळी, चार बायकांनी धरून, उंबऱ्यावर उतरवला होता. पाणवठ्यावर त्या सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलल्या, “माझा डोळ्यांदेखत गेला, माझ्या काढल्या. हिचा पळाला, तर ही भरून मिरवतीया.” तू हातातली घागर खाली ठेवलीस आणि म्हणालीस, “तुमीबी भरा की, अक्का. हात कोन धरतंय तुमचा?” त्यानंतर कितीतरी दिवस एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन चुली पेटत राहिल्या आणि मधून शब्द गेला नाही. मला हे तू सांगितलेस तेव्हा मी तुझ्या धिटाईचे कौतुक केले. तुझा चेहरा उतरला. म्हणालीस, खरंच भराव्या असं वाटलं होतं मला, टोमणा नव्हता तो.

मग जमिनीचा विषय आला. मामांच्या नावचा तुकडा आराखड्यात हिरव्या पट्ट्यात होता, तोवर त्यांच्या जगण्यामरण्याशी कुणाला काही देणेघेणे नव्हते. आराखडा बदलला, पट्टा पिवळा झाला, तिथे इमारत उभी राहू शकेल असे ठरले, आणि मामांचा मृत्यू अचानक निकडीचा झाला. दत्ता वाईट मुलगा नाही, हे तूच मला वारंवार बजावलेस. तुझी औषधे तोच आणायचा. पण चहाचा कप हातात देता देता तो हळूच विचारायचा: काकी, पुतळ्याचं काय ठरवलंस? तू म्हणायचीस, “पळसाला पानं येऊ दे.” वर्षभर तू हेच सांगायचीस, पळस पानांनी डवरलेला असतानासुद्धा.

आणि मी? मी तिसऱ्याच बाजूला उभी होते. मला त्या बांगड्या सहन होत नसत. पुतळ्याचा मला तितकाच राग होता. पण जो माणूस तुला एका वाक्याच्या खोट्यावर सोडून गेला, त्याची खूण तू रोज साबणाने धुऊन चकचकीत ठेवतेस, हे माझ्या साऱ्या वाचनाच्या, साऱ्या विचारांच्या आड यायचे. तू सूसला माझ्या घरी राहायला आलीस त्या दुपारी मी ते बोलून टाकले. आपण गॅलरीत बसलो होतो. मी तिथे प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली होती. तू अंगठ्याने ती दाबून पाहिलीस आणि ह्याला वास न्हाई म्हणालीस. मी म्हटले, आत्या, त्याच्या नावाचे हे ओझे तू कशाला वागवतेस?

“त्याच्या नावाचं?” तू म्हणालीस. “तो यायच्या आदी रान हिरवं नव्हतं व्हय?”

मी म्हटले, मग निळ्या घाल, लाल घाल, आवडीच्या घाल. हिरव्याच का?

तुझी नजर खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांवर होती. तू बोललीस ते मी शब्दही न हलवता लिहिते आहे. “निळ्या घातल्या तर इचारत्याल, का घातल्या. मोकळ्या हातानं गेले तर इचारत्याल, कवा मेला. हिरव्याला कुनी काय इचारत न्हाई.”

मी म्हटले, हे तर लपणे झाले.

“व्हय, लपतीया. मंग? ससाबी गवतातच लपतोय.”

उत्तर मला आता सुचते. ससा कुत्रे जाईपर्यंत लपतो, आत्या, जन्मभर नाही. हे मी तुला सांगायला हवे होते आणि तू त्यावर काहीतरी सणसणीत बोलायला हवे होतेस. मी अजूनही हार मानलेली नाही. तुझे म्हणणे मला सुंदर वाटते आणि पटत नाही. दोन्ही एकाच वेळी. आणि त्याहून खोलवर एक शंका आहे, जी मी तुझ्या हयातीत उच्चारली नाही: तू लपत नव्हतीस, वाट पाहत होतीस. फाटकाची कडी वाजली की तुझा हात आधी कपाळाकडे जायचा, मग पदराकडे. मी ते पाहिले आहे. तुझ्या खोल्यांतली भाडेकरू मुले रात्रपाळी करून सकाळी परतायची, कडी त्यांची असायची; हात तरीही जायचा. ती सवय होती की आशा, हे मी तुला विचारले असते तर तू मला खरे सांगितले असतेस का?

परत निघालो त्या संध्याकाळी तू माझ्या स्कूटरवर मागे बसली होतीस. हिंजवडीच्या चौकात आपण लाल दिव्यापाशी थांबलो. दिवा बदलला तशी तू माझ्या खांद्यावर थोपटलेस आणि कानाशी म्हणालीस, “चल. हितं हिरवं दिसलं की वाट मोकळी. आमच्यात हिरवं चढलं की वाट बंद.” मागून हॉर्न वाजत राहिले. ते वाक्य तू माझ्या बाजूने बोललीस की तुझ्या, हे ठरवायला मी तिथे थांबले असते तर लोकांनी शिव्या घातल्या असत्या.

मग ते दवाखान्यातले दिवस. तुझ्या हातांवर सूज चढली, सुई टोचायला शीर सापडेना, आणि नर्स म्हणाली की बांगड्या काढाव्या लागतील. साबण लावून पाहिले, त्या निघाल्या नाहीत. तिने कापडाची घडी तुझ्या मनगटावर धरली आणि माझ्याकडे पाहिले. मी तुझ्याकडे पाहिले. तू म्हणालीस, “वाढव.” एका घराला, एका गावाला, पळसाच्या पानांना जे इतकी वर्षे जमले नव्हते, ते एका अनोळखी मुलीने कापडाच्या घडीत, आवाज न करता, एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत करून टाकले. काचा कचऱ्याच्या डब्यात गेल्या. तुझ्या मनगटांवर दोन फिकट वर्तुळे उरली, वर्षानुवर्षे ऊन न लागलेल्या कातडीची. तू हात वर केलास, दिव्यासमोर धरलास, उलटसुलट करून पाहिलास. मी रडू आवरत होते. तू म्हणालीस, “हलकं वाटतंय.”

बस, इतकेच. त्यानंतर तू पाण्याविषयी बोललीस, म्हशीविषयी बोललीस, जी म्हैस कधीच विकली गेली होती. पण हातांविषयी बोलली नाहीस. आत्या, हे दोन शब्द मी गेल्या दिवसांत किती वेळा उलटून पाहिले आहेत. सूज ओसरल्याचे हलके? की एवढा काळ वागवलेले उतरल्याचे? तसे असेल तर मी जिंकले होते, आणि मला तो विजय नको होता.

दत्ताचा फोन सकाळी आला. मी तासाभरापूर्वीच घरी येऊन अंघोळ केली होती; तू तेवढ्यात गेलीस. तो रडत होता, खरेच रडत होता. मग घसा साफ करून म्हणाला की शेवटची साडी माहेरची लागते, आणि माहेरचे म्हणून आता तूच आहेस, ताई. मी हो म्हटले. “पांढरी आन,” तो म्हणाला. “आई म्हनतीया.”

म्हणजे पुतळा तुझाच होणार होता. पळसाची पाने नकोत, धूर नको. तुला पांढऱ्यात नेले की मामा आपोआप मेले. आणि हिरव्यात नेले तर? तर शेजारच्या बायका तुझ्या पायांवर डोके ठेवणार, अहेव गेली, सवाष्ण गेली, भाग्याची गेली म्हणणार, आणि ते भाग्य त्या माणसाच्या खात्यात जमा होणार, जो चाकणहून परतला नाही. दुकानाचे शटर अर्धे वर गेले होते तेव्हा मी पायरीवर उभी होते. काउंटरवरच्या मुलीने अगरबत्ती फिरवून झाल्यावर विचारले, काय दाखवू? मी म्हटले, हिरवी.

“कुठला हिरवा, मॅडम?”

तिने घड्या उलगडल्या: पोपटी, मेंदी, शेवाळी, मोरपंखी, बाटलीच्या काचेचा गडद. जन्मभर शब्दांशी राहिलेली मी तिथे मुकी झाले. तुझा हिरवा यांतला कुठला? मला तुझ्या विळ्याखालचा घास दिसत होता, ओंबी धरण्याआधीचे भात दिसत होते, पण त्याला दुकानातले नाव नव्हते. तिने एक साडी माझ्या खांद्यावर टाकायला उचलली, आरशात बघा म्हणाली. मग सवयीने विचारले की फॉल-पिको करून ठेवू का, संध्याकाळपर्यंत मिळेल. मी म्हटले, फॉल नको. तिचा हात हवेत थांबला. ती साडी तिने माझ्या खांद्यावर टाकली नाही. घडी करून, दोन्ही हातांनी, खालच्या मानेने माझ्यासमोर ठेवली. मी तीच घेतली. आणि मग, तू मला भित्री म्हण, एक पांढरीही घेतली. दोन्ही एका पिशवीत घातल्या आणि माणला आले.

अंगणात बायकांनी जुनी लुगडी चहूबाजूंनी धरून आडोसा केला होता. आत तुला पाटावर निजवून अंघोळ घालत होत्या: अक्का आणि शेजारच्या पारूबाई. मला आत घेतले. अक्का तुझ्या पाठीवरून पाणी सोडत होत्या, सावकाश, जसे तापलेल्या लेकराला घालतात. पारूबाई म्हणत होत्या की नशीब काढलं, अहेव गेली, मळवट भरायला हवा. आडोशाबाहेरून कुणीतरी म्हणाले, कशाची अहेव, बारा वर्सं कवाच उलटली. दुसरी म्हणाली, गप, मयताफुडं बोलू नगं. मग दत्ताचा आवाज आला, दबका: “आई, साडी आली का? पांढरीच हाय न्हवं?”

अक्कांनी माझ्याकडे हात केला. मी पिशवीत हात घातला. आतल्या दोन्ही साड्या नव्या होत्या, सारख्याच गार, सारख्याच करकरीत. बोटांना रंग कळत नाही. तेवढ्या अवधीत मी तुला विचारले, आत्या. तुझ्या तोंडाकडे पाहून, मनातल्या मनात, अगदी स्पष्ट विचारले. तुझे ओठ किंचित उघडे होते. तू काही सांगितले नाहीस. पांढरी काढली असती तर तुझ्या अंगावर त्या माणसाचे मरण नेसवले असते. हिरवी काढली तर त्याचे जगणे. मग तुझे काय नेसवायचे होते? मी हिरवी बाहेर काढली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही, आणि तू हलके झालेले हात दिव्यासमोर धरतेस ते दृश्य अजून रोज दुपारी माझ्यासमोर येऊन उभे राहते. पांढरी आतच राहिली; पिशवी मी पायाने मागे सारली.

पारूबाईंचा चेहरा उजळला. त्या कुंकवाच्या करंड्याकडे वळल्या, ओटीचे तांदूळ आणा म्हणाल्या. मी म्हटले, नको. मळवट नको, ओटी नको, चुडा नको. नुसती साडी.

पारूबाईंनी करंडा हातातच धरला. म्हणाल्या की असं कुटं असतंय, एक तर ह्ये तरी करा, न्हाई तर त्ये तरी. अक्का पाटाशेजारी उकिडव्या बसल्या होत्या, कोपरापर्यंत ओल्या. त्यांनी साडीकडे पाहिले, तुझ्या मनगटांवरच्या त्या दोन फिकट वर्तुळांकडे पाहिले, आणि मग सरळ माझ्या डोळ्यांत.

“मंग ह्ये हिरवं कुनाच्या नावाचं?”

मी म्हटले, “कुणाच्याच नाही, अक्का. माहेरचं आहे.”

दत्ताने बाहेरून पुन्हा हाक मारली. अक्कांनी ती ऐकली नाही किंवा ऐकून सोडून दिली. उघड्या हातांवरचे पाणी त्यांनी स्वतःच्या पदराला पुसले, एक हात, मग दुसरा, मनगटांपर्यंत नीट. मग माझ्या हातातून साडी घेतली, झटकून घडी मोडली, एक काठ स्वतःच्या मुठीत ठेवला आणि दुसरा तुझ्यावरून माझ्याकडे टाकून म्हणाल्या,

“धर.”